कृष्णाकाठचे कृष्णविवर

श्रोतेहो, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात. माहेरी आलेल्या दोन बहिणींनी उंबऱ्यातच मिठी मारावी, तशी ही भेट. १९७५च्या डिसेंबरात याच गावी ५१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. वाळवे तालुक्यातल्या आमच्या गावाहून आम्ही चार मित्र भाकरी बांधून घेऊन एस. टी.ने कऱ्हाडला गेलो होतो. साहित्य म्हणजे काय हे कळण्याचे ते वय नव्हते. मोठी माणसे डोळ्यांनी पाहायची, एवढाच हेतू.

देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे देशाचे परराष्ट्रमंत्री आणि कऱ्हाडकरांच्या घरचेच माणूस. अध्यक्षस्थानी होत्या दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात अत्यवस्थ होते आणि त्यांचे नाव मोठ्याने घ्यायचे धाडस कुणाला होत नव्हते. दुर्गाबाईंनी भर मंडपात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभे केले. अंगावर काटा आला. पुढे बाईंना अटकही झाली. कऱ्हाडच्या संमेलनाची आठवण निघाली, की आजही पहिल्यांदा हीच गोष्ट सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाईंनी आणखी एका गोष्टीची दखल घेतली होती. मराठीत विज्ञानकथा हा एक नवा प्रवाह येऊ घातला आहे, असे त्यांनी सांगितले आणि जयंत नारळीकर या शास्त्रज्ञाच्या कथालेखनाचा आवर्जून उल्लेख केला. हे मला कितीतरी वर्षांनी वाचून कळले. मी मंडपात होतो, कान उघडे होते, आणि तरीही तो उल्लेख माझ्या कानांवरून निघून गेला. नंतर तीस वर्षे मी मराठीचा शिक्षक म्हणून काम केले, त्याच नारळीकरांच्या कथा वर्गात वाचून दाखवल्या, आणि त्यांची पाठराखण पहिल्यांदा माझ्यासमोर, माझ्याच नदीच्या काठावर झाली होती, याचा मला पत्ताच नव्हता. आजचे हे बोलणे म्हणजे त्या न ऐकलेल्या उल्लेखाची थोडीशी भरपाई आहे.

जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमती संस्कृतच्या जाणकार. त्यामुळे बालपण आणि शिक्षण बनारसला झाले. घरी फळे टांगलेले असत आणि मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी गणिताचे एखादे अवघड कोडे लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत पुसायचे नाही, असा रिवाज. १९५७ साली बी. एस्सी. होऊन जयंतराव केंब्रिजला गेले. तिथे त्यांना गुरू भेटले फ्रेड हॉएल. हे हॉएल मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि त्याबरोबर कादंबरीकारही. १९५७ सालीच त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञानकादंबरी प्रसिद्ध झाली होती. संशोधन करणाऱ्याने गोष्टी लिहिल्या म्हणून त्याची प्रतिष्ठा उणावत नाही, हा धडा शिष्याने गुरूकडे पाहूनच घेतला असणार.

१९६४ साली हॉएल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त जाहीर झाला आणि पंचविशीतल्या या मराठी मुलाचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. १९६५ साली पद्मभूषण मिळाले. १९६६ साली गणितज्ञ मंगला राजवाडे यांच्याशी विवाह झाला. १९७२ साली हे कुटुंब केंब्रिज सोडून मुंबईला आले आणि जयंतराव टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे मत १९६५ नंतर जगात बळावत गेले. नारळीकर मात्र त्या मताच्या बाजूने कधी गेले नाहीत. विश्वाला आरंभ असलाच पाहिजे का, हा प्रश्न ते शेवटपर्यंत विचारत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ पलीकडच्या तीरावर आणि हे थोड्या सोबत्यांसह अलीकडे. असा माणूस कथा लिहायला बसला, तेव्हाही तो गर्दीच्या वाटेने जाणार नव्हता.

त्यांची पहिली कथा कशी जन्मली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १९७४च्या सुमारास अहमदाबादला एका परिसंवादाला ते गेले होते. व्याख्यान फारच कंटाळवाणे चालले होते. श्रोतेहो, आता माझे व्याख्यान ऐकताना तुमचीही तीच गत होत असेल, तर कागद-पेन्सिल जवळ घ्यायला हरकत नाही. नारळीकरांनी तेच केले. समोरच्या कागदावर ते गोष्ट लिहू लागले. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा त्या वेळी जाहीर झालेली होती. कथा तिकडे पाठवावी असे त्यांच्या मनात आले, पण स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षक नावाकडेच पाहणार. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली. ‘ज. वि. ना.’चे झाले ‘ना. वि. ज.’, आणि कथालेखक म्हणून जन्माला आले नारायण विनायक जगताप. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी कथा आपल्या अक्षरात उतरवून दिली. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिले बक्षीस मिळाले आणि जगतापांचे खरे नाव मग सगळ्यांना कळले.

जगभर नाव झालेल्या, पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाला हे सोंग घ्यायची गरज होती का? मला वाटते, होती. त्यांना जाणून घ्यायचे होते, की ही गोष्ट गोष्ट म्हणून उभी राहते की नाही. प्रयोगशाळेत जशी खूणचिठ्ठी झाकून चाचणी घेतात, तशी त्यांनी आपल्याच लेखणीची घेतली. मोठ्या नावाच्या आधाराने पुढे सरकलेले लिखाण आपण सगळेच पाहतो. इथे नाव मागे ठेवून लिखाण पुढे पाठवले गेले.

ही गोष्ट सांगताना मराठी विज्ञानकथेचा सगळा मान एकाच माणसाला देऊन चालणार नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला होता. नारायण धारपांसारखे लेखक विज्ञानकथा लिहीत होते. आणि त्याही आधीचा एक धागा तर थेट आपल्या सातारा जिल्ह्यातून निघतो.

कऱ्हाडपासून थोड्याच अंतरावर कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे गाव आहे. सुधारकाग्रणी गोपाळ गणेश आगरकर यांचे हे जन्मगाव, १८५६ सालचे. पण त्यांच्या तीन वर्षे आधी, १८५३ साली, याच टेंभूत आणखी एक मुलगा जन्मला होता, कृष्णाजी नारायण आठल्ये. शाळेत ‘अती कोपता कार्य जाते लयाला’ हा श्लोक आपण घोकला, तो ह्यांचा. कवी, चित्रकार, शिक्षक असे अनेक उद्योग केलेले आठल्ये पोटापाण्यासाठी पार कोचीनला जाऊन पोचले आणि तिथून त्यांनी १८८६ साली ‘केरळ कोकिळ’ नावाचे मराठी मासिक सुरू केले. मलबारात राहून मराठी मासिक चालवायचे, हीच मुळात एक अद्भुत कथा. या ‘केरळ कोकिळ’मध्ये १९०० सालच्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः प्रसिद्ध झाले. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ची. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे आपली सुरुवात बहुधा या सफरीपासून करतात.

म्हणजे पाहा, टेंभूच्या माणसाच्या मासिकातून मराठी वाचक चंद्रावर निघाला आणि पंचाहत्तर वर्षांनी, तिथून हाकेच्या अंतरावरच्या मांडवात, त्या साहित्याला संमेलनाध्यक्षांनी साहित्य म्हणून जवळ केले. मधल्या काळात माणूस खरोखरच चंद्रावर जाऊन आला होता. आज टेंभू म्हटले की आगरकरही आठवत नाहीत आणि आठल्येही. आठवते ती टेंभू उपसा सिंचन योजना. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळपर्यंतच्या दुष्काळी रानांत नेणारी. नदी डोंगर चढते, असे आठल्ये यांनी मासिकात छापले असते, तर वाचकांनी तीही चंद्रलोकचीच सफर समजली असती.

दुसरा धागा सांगली जिल्ह्यातला. कुंडलजवळच्या उजाड माळावर, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर करणाऱ्या या वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाला नव्या विचारांचे वळण लावण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. काळाच्या ओघात मासिकाचा मुक्काम पुण्याला हलला. ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळाल्यावर नारळीकरांना आणखी कथा लिहायचा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत याच मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर होते. विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतली कथा जाणकारांच्या वर्तुळात राहिली असती. मासिकाने ती घराघरांत, दुपारच्या चहाबरोबर वाचणाऱ्या माणसांपर्यंत पोचवली. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा पहिला कथासंग्रह आला आणि तो आमच्या गावच्या वाचनालयातही आला.

या कथांनी माझ्यासारख्या वाचकाला काय दिले, ते तीन कथांच्या आधाराने सांगतो.

पहिली ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. आपण सातारकडची माणसे पानिपताची गोष्ट आजोबांच्या मांडीवर ऐकत मोठी झालो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडले नसते तर, हा ‘तर’ आपल्याकडच्या प्रत्येक पारावर आजही उसासा टाकून उच्चारला जातो. नारळीकरांचे गंगाधरपंत हे पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आहे आणि मराठ्यांनी पानिपत जिंकले आहे. पुढचा सगळा हिंदुस्थानचा इतिहास त्यामुळे वेगळा घडलेला आहे. दुसरा एखादा लेखक इथे भगवा फडकवून टाळ्या घेता. नारळीकर वाचकाला वेगळीकडेच नेतात. सूक्ष्म कणांच्या जगात एकाच घटनेच्या अनेक शक्यता असतात, त्यांतली एक आपल्या वाट्याला येते, मग बाकीच्या कुठे जातात, असा तो प्रश्न आहे. उसाशाची जागा विचाराने घेतली. ही कथा पुढे इंग्रजी रूपात देशभरच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली. पानिपत म्हणजे काय हे ठाऊक नसलेली मुलेही आता ती वाचतात.

दुसरी ‘धूमकेतू’. हौशी आकाशनिरीक्षक असलेले दत्तबाबू नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते. जगभरचे शास्त्रज्ञ एकत्र येऊन त्याची वाट वळवण्याची योजना आखतात. आणि तिकडे दत्तबाबूंच्या स्वतःच्या घरात अरिष्ट टळावे म्हणून शांतिकर्माची तयारी चालते. संकट टळते ते कशामुळे, यावर घरातल्यांचे मत तुम्ही ओळखू शकता. प्रयोगशाळा आणि देवघर यांच्यामध्ये उभा असलेला आपला समाज इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवला असेल.

याच प्रश्नावर नारळीकर पुढे कथा सोडून थेट चाचणीला उतरले, आणि त्यात त्यांना साथ मिळाली साताऱ्याच्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांची आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची. २००८ साली त्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय पद्धतीने परीक्षा घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या देऊन विचारले, यांतला कोण कुठल्या गटातला ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती, तरी ५०च्या आसपास बरोबर आली असती. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. साताऱ्यात त्या दिवशी बंद घरांसमोरही माणसे नुसती उभी होती, हे मी पाहिले आहे. विज्ञान म्हणजे निरुपद्रवी करमणूक आहे, असे कुणाला वाटत असेल, तर त्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

तिसरी कथा ‘पुत्रवती’. मुलगाच व्हावा ही माणसाची इच्छा विज्ञान पुरवू लागले तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचे यंत्र कुणी डोळ्यांनीही पाहिले नव्हते. चांगली कल्पना आहे, असे म्हणून मी पुस्तक मिटले. पुढे माझे लग्न झाले, पहिली मुलगी झाली. दुसऱ्या खेपेला आमच्या आत्यांनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन हळू आवाजात एका डॉक्टरचे नाव सांगितले. “नुसतं बघून घ्या, बाकी तुमची मर्जी,” एवढेच म्हणाल्या. आत्या दुष्ट नव्हत्या. आम्हा भावंडांना त्यांनीच वाढवले. पण त्या रात्री मला ‘पुत्रवती’ आठवली आणि घाम फुटला. आम्ही गेलो नाही. दुसरीही मुलगीच झाली. मात्र त्यांना काही समजावून सांगायचे धाडस मी केले नाही, नुसता गप्प बसलो. याची टोचणी अजून आहे.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला १९८८ साली, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४चा. आणि तरी २००१ची जनगणना झाली तेव्हा सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे सातारा जिल्ह्यात ८७८ आणि आमच्या सांगली जिल्ह्यात ८५१ मुली उरल्या होत्या. ऊस, द्राक्षे, हळद, सहकार, शाळा, वाचनालये, सगळ्यांत पुढे असलेला आपला हा मुलूख. ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती यंत्र.

त्यानंतरच्या एका वर्षी मी ‘पुत्रवती’ नववीच्या वर्गात वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मुले नेहमीप्रमाणे गलका करतील असे वाटले होते. कुणी बोलेना. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती आधी वर्गाकडे वळली, मनाशी काही मोजले आणि म्हणाली, “सर, आपल्या वर्गात एकोणचाळीस मुलगे आहेत नि आम्ही चोवीस. ही गोष्ट पुढची कशी? झालेलीच आहे की.” मी तिला ‘शाब्बास’ म्हणालो आणि खडू शोधायच्या निमित्ताने पाठमोरा झालो.

नारळीकरांच्या कथांवर टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. त्यांची माणसे पुष्कळदा लेखकाचे म्हणणे सांगण्यापुरतीच पानावर येतात. त्यांच्या घरात कुणी रडत-भांडत असल्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो. गोष्ट थांबवून पात्राने दोन परिच्छेद शास्त्र समजावून द्यावे, असेही घडते. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे हे मला खटके. पण विज्ञान लोकांपर्यंत पोचवायचे म्हणून मी लिहितो, हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. आणि ‘हे साहित्य आहे का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या आम्हा मास्तरांनी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. विश्वाची उत्पत्ती, काळाचे वाकणे, यंत्राची बुद्धी या विषयांवर आपली मराठी बोलू शकते, हे आम्हाला कुणी दाखवले? केंब्रिजला शिकलेला, इंग्रजीत जगभर वाचला जाणारा हा माणूस पहिली कथा लिहिताना मराठीत लिहू लागला. बनारसच्या हिंदी मुलुखात वाढूनही त्याच्या कल्पना मराठीत सुचत होत्या.

कथांबरोबर कादंबऱ्याही आल्या. ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’, आणि १९८६ साली ‘वामन परत न आला’. या शेवटच्या कादंबरीत जमिनीखाली पुरलेली एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वीच्या, आपल्याहून पुढे गेलेल्या संस्कृतीने आपले ज्ञान तिच्यात ठेवलेले असते. त्या ज्ञानावरून एक बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, तोच वामन. बळीच्या दारी आलेला बटू तीन पावले मागतो आणि सारे व्यापून टाकतो, ही आपली घरोघरची कथा. विचार करू लागलेले यंत्र माणसाकडे अशीच छोटीशी मागणी करीत आले तर? पुस्तक आले तेव्हा आमच्या शाळेत एकही संगणक नव्हता. आता माझी नात फोनवरच्या यंत्राला गृहपाठ विचारते आणि ते सरळ उत्तर देते. मी तिला ही कादंबरी वाचायला दिली आहे. अजून पहिल्या प्रकरणातच आहे, पण हातातून ठेवलेली नाही.

पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. १९८८ साली पुण्याला आयुका ही संस्था त्यांनी उभी केली आणि २००३पर्यंत तिचे संचालकपद सांभाळले. शाळेतली मुले सही मागायला आली, की ते सांगत, सही अशी नाही मिळायची, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. २००४ साली पद्मविभूषण, २०१४ साली ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार. आणि २०२१ साली नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. कऱ्हाडच्या मांडवात ज्या लेखनाचा केवळ उल्लेख झाला होता, ते लिहिणाराच आता अध्यक्ष झाला. मध्ये ४६ वर्षे गेली. प्रकृतीमुळे ते नाशिकला प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत. २०२३ साली मंगलाताई गेल्या. ज्यांच्या अक्षरात नारायण विनायक जगताप जन्माला आले, ते अक्षर थांबले. २० मे २०२५च्या पहाटे पुण्यात, झोपेतच, जयंतरावही गेले. वय ८६ होते.

त्या दिवशी दुपारी मी आमच्या वाचनालयात गेलो. ‘यक्षांची देणगी’ मागितली. ग्रंथपालबाईंनी कपाटातून काढून दिली, पुठ्ठा दोनदा नव्याने बांधलेला. मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांचा कागद होता, आणि त्याच्यावर जागा संपली म्हणून दुसरा चिकटवलेला. पहिल्या कागदावरचे शिक्के पुसट झाले आहेत, त्यांतला एखादा माझाही असेल. दुसऱ्याच्या तळाशी मात्र थोडी जागा उरली होती. बाई म्हणाल्या, “नेताय का, सर? मग शिक्का मारते.”

मी नेले नाही. म्हटले, सुट्टी चालू आहे, एखादे पोर येईल.